'सा वा पा'च्या शेपटाला 'नों' लावू नकोस

तुझी पोस्ट वाचली, रूममेट रडत होती, तू फ्रेंचमध्ये 'कोमाँ आले-वू?' (कशा आहात?) विचारलंस आणि ती 'सा वा' (ठीक आहे) म्हणून खोलीत निघून गेली. अगं, मला माझा फ्रान्समधल्या लियाँचा पहिला हिवाळाच आठवला. 'त्यू' (तू) आणि 'वू' (तुम्ही) यांतला फरक तुला माहीत असणार, रूममेटला वू म्हणायचं नाही, ते सोडते.

माझी मोठी चूक वेगळीच होती. माझी फ्लॅटमेट सिंकपाशी उभी, नळ चालू, एकच प्लेट कितीतरी वेळ धूत होती. मनात आलं, 'बरं नाहीये ना तुला?' आणि तोंडातून निघालं, 'सा वा पा, नों?' पुण्यातल्या क्लासमध्ये सांगितलेलं की शेवटी नों लावलं की आपल्या 'ना'सारखं होतं. 'से बों, नों?' म्हणजे छान आहे ना, तिथे ते बरोबरच आहे. पण 'सा वा पा, नों?' म्हणजे चक्क 'डोकं फिरलंय का तुझं?' तिने प्लेट तशीच ठेवली आणि गेली, पुढे दोन आठवडे माझ्याशी फक्त फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून बोलत होती. क्लासने बी-वनची (फ्रेंचची मधल्या पातळीची) परीक्षा पास करून दिली, फी पूर्ण घेतली, पण लोक घरात कसं बोलतात ते एक दिवस शिकवलं नाही, याचा मला अजून राग आहे. वर 'कॉम सी कॉम सा' (ठीकठाक) घोकून घेतलं, जे मी इथे कुणाच्या तोंडी फारसं ऐकलेलंच नाही, लोक त्याऐवजी 'बॉफ' म्हणतात.

तर माझ्या मते (मला लियाँचंच माहितीये, कॅनडातल्या क्वेबेकचं फ्रेंच वेगळं असेल) 'ता पा लेर ब्यां' म्हण, म्हणजे 'बरी दिसत नाहीयेस', आणि मग हळू आवाजात 'केस क्या?' (काय झालं?). 'केस क ता?' (तुला काय झालंय?) पण चालतं पण आवाज जरा चढला की भांडायला आल्यासारखं वाटतं, नवीन असताना टाळच. आणि 'त्यू त साँ' (तुला वाटतंय) यातला त गिळू नकोस, नुसतं 'त्यू साँ' म्हणजे तुझा वास येतोय.

आज तिला 'त्यू व्हू आँ पार्ले?' एवढंच विचार, बोलायचंय का म्हणून. ती 'सा वा आले' म्हणाली तर ते 'सा वा' नाही हां, त्याचा अर्थ 'होईल ठीक', म्हणजे आत्ता ठीक नाहीये, तेव्हा लगेच उठून जाऊ नकोस.