रून्स वाचायला शिकताना सुरुवात कुठून करावी?

रून्स म्हणजे जुन्या जर्मनिक लिपीची अक्षरं; ती कोरलेले खडे काढून कौल घेतात. तुमच्या संचात २५ खडे आहेत, त्यातला कोरा कशाचा, असा प्रश्न आहे. तो बाजूला ठेवा. ती १९८० च्या दशकातली भर आहे. एल्डर फुथार्क या सर्वांत जुन्या रून-वर्णमालेत रून्स २४च. एखादा खडा हरवला तर कोरा त्या जागी कामाला येईल.

आठ-आठचे तीन गट असतात, पाठांतर त्याच क्रमाने करा, आणि अर्थाआधी आकार. घोटाळे ठरलेल्या जागी होतात. थुरिसाझ या रूनचा त्रिकोण दांड्याच्या मध्यावर, वुन्योचा वरच्या टोकाला. फेहूचे फाटे वर जातात, अन्सुझचे खाली. अन्सुझ उलटा पडला की नवशिके हमखास फेहू वाचतात.

अर्थासाठी संचासोबतची पुस्तिका पुरेशी नाही. जुनी इंग्रजी, नॉर्वेजियन आणि आइसलँडिक अशा तीन रून-कविता (प्रत्येक रूनवर एकेक कडवं) आहेत, त्यांचे इंग्रजी अनुवाद वाचा. पुस्तिकेत फेहू म्हणजे 'धनलाभ'. नॉर्वेजियन कविता मात्र म्हणते की संपत्ती भाऊबंदकी लावते. इसा म्हणजे 'सगळं ठप्प' असं छापलेलं असतं, पण त्याच कवितेत बर्फ हा रुंद पूल आहे, आणि आंधळ्याला त्यावरून हात धरून न्यावं लागतं. प्रवासाबद्दल विचारलं असेल तर कौल केवढा बदलतो बघा! अडचण एवढीच की नॉर्वेजियन आणि आइसलँडिक कवितांत १६च रून्स आहेत. उरलेल्यांसाठी फक्त जुनी इंग्रजी. पेर्थ्रोचा मूळ अर्थ तर अभ्यासकांनाही पक्का लागलेला नाही, त्यामुळे 'गूढ नियती' वगैरे ठाम विधानांवर विसंबू नका.

रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांची कौल घेण्याची रीत लिहून ठेवली आहे: फळझाडाच्या फांदीचे तुकडे, त्यांवर खुणा, पांढऱ्या कापडावर विखुरायचे, तीन उचलायचे. त्या खुणा रून्सच होत्या असं सिद्ध झालेलं नाही, पण तीनची पद्धत शिकायला सोपी. भूत-वर्तमान-भविष्य ही मांडणी अलीकडची आहे. मी 'परिस्थिती, अडथळा, काय करता येईल' अशी सुचवेन, कारण 'नोकरी मिळेल का?' यावर हो-नाही असं उत्तर खडे देत नाहीत.

खडा उलटा पडला तर घ्यायचे वेगळे अर्थ सुरुवातीला सोडूनच द्या. गेबो, इसा, दागाझ असे नऊ रून्स उलटे केले तरी तसेच दिसतात, म्हणजे नियम सगळ्यांना सारखा लागतच नाही.

वाचन लगेच तारखेसह वहीत लिहा. घटना घडून गेल्यावर अर्थ आपोआप जुळवला जातो. उत्तर आवडलं नाही म्हणून चौथा खडा काढायचा नाही.

पुढे स्वतः संच करायचा झाल्यास चकत्या सारख्याच जाडीच्या कापा, नाहीतर पिशवीत बोटं खडा ओळखायला लागतात. आंबा किंवा पेरूची फांदी चालेल. सावलीत नीट वाळवा. ओली कापलीत तर चकत्या तडकतात, पावसाळ्यात बुरशी धरतात.