आपल्याच नियमातली पळवाट

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

कॉलेजच्या संघाला शिकवायची जबाबदारी तुझ्यावर आली, फार आनंद झाला. नोकरी सांभाळून कसं जमणार, असं विचारतोस. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्पचं सांगतो. आधी तो तिथेच खेळला. 1888 मध्ये तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे रग्बीतून निघालेल्या, चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, संघाचा प्रशिक्षक झाला तेव्हा घड्याळांच्या कंपनीत नोकरीला होता, दुपारच्या सरावाला जाणं जमत नसे. मग त्याची बायको अ‍ॅलिस मैदानाच्या कडेला उभी राहून कोण कसा खेळतोय ते टिपून आणायची. संध्याकाळी खेळाडू घरी आले की त्यावर बोलणं व्हायचं. त्या हंगामात येलने 698 गुण केले आणि समोरच्यांना एकही दिला नाही. या यशात अ‍ॅलिसचा वाटा मी बरोबरीचा मानतो. तूही असं नीट बघणारं माणूस शोध, संघातला राखीव खेळाडूसुद्धा चालेल.

आता नियमांचं. रग्बीसारखी चेंडूसाठीची रेटारेटी थांबावी म्हणून कॅम्पने सुचवलं, की चेंडू एका संघाच्या ताब्यात द्यावा आणि तिथून डाव सुरू व्हावा. 1880 मध्ये ते मान्य झालं. पुढच्याच वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठ आणि येलच्या सामन्यात काय झालं? एका अर्ध्यात प्रिन्स्टनने, दुसऱ्यात येलने चेंडू नुसता धरून ठेवला. निकाल 0-0. म्हणजे खुद्द त्याच्या येलनेच पळवाट वापरली! कॅम्पने मूळ नियम सोडला नाही, त्याला जोड दिली. 1882 पासून तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा. ते मोजायला मैदानभर दर पाच यार्डांवर रेघा आल्या. आज चार प्रयत्न आणि दहा यार्ड आहेत, पण पाया तोच.

तू बसवलेली चाल मुलांनी भलतीकडे नेली, तर त्यांच्यावर डाफरण्याआधी चालीत फट कुठे राहिली ते बघ.

कॅम्पचं सगळंच मला पटत नाही. मैदानावर मुलं जीव गमावू लागली, तेव्हा चेंडू पुढे फेकायला मुभा द्यावी असं इतर म्हणत होते. हा मात्र पाचऐवजी दहा यार्डांची अट घालावी, यावरच अडून बसला. 1906 मध्ये खेळाच्या नियम समितीने दोन्ही गोष्टी मंजूर केल्या. तरी तो रुसून घरी बसला नाही. 1925 मध्ये त्याला मरण आलं तेही न्यूयॉर्कमध्ये, नियम समितीच्या बैठकीसाठी गेलेला असताना.

पहिला सराव कधी आहे? मुलं किती आली आणि टिपणं कोणाकडे सोपवलीस, ते सविस्तर कळव.