पेटीवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, म्हणून स्वतःचं डिजिटल वाद्य करायचंय. आर्डुइनो घेऊ, टीन्सी घेऊ की सरळ मॉड्युलर सिंथ (सुटे भाग वायरींनी जोडून केलेला सिंथेसायझर)?

बोर्ड, म्हणजे आर्डुइनो किंवा टीन्सीसारखा प्रोग्राम करता येणारा छोटा संगणक, शेवटी घ्या. आधी बोट कशावर फिरणार ते ठरवा. मी उलटं केलं होतं. बोर्ड आणला आणि कितीतरी दिवस बटणं दाबून सा-रे-ग वाजवत बसले. बटणांचं वाद्य म्हणजे पुन्हा पेटीच की!

मींडेला पट्टी लागते. सॉफ्टपॉट म्हणून पातळ, चिकटवायची पट्टी मिळते. आत पोटेन्शियोमीटरच (रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणात असतो तसा बदलता रेझिस्टर) असतो; बोट जिथे दाबाल तिथला व्होल्टेज मधल्या पिनवर येतो. शक्यतो ५०० मिलिमीटरची घ्या. दोन सप्तकं बसवली तर एका स्वरापासून शेजारच्या कोमल-तीव्र स्वरापर्यंत जेमतेम २० मिलिमीटर मिळतात. २०० मिलिमीटरच्या पट्टीवर हेच अंतर ८ वर येतं, आणि मग बोटाची जाडीच बेसूर करते.

या पट्टीची एक खोड आहे. बोट उचललं की मधली पिन लोंबकळते (कशालाच जोडलेली राहत नाही) आणि काहीही आकडे देते. म्हणून तिथून ग्राउंडला १०० किलोओहमचा रेझिस्टर लावायचा. तरी उचलताना आकडा झपकन शून्याकडे जातो आणि प्रत्येक स्वर शेवटी घसरगुंडीवरून पडल्यासारखा ऐकू येतो. उपाय सोपा आहे: शेवटची काही वाचनं टाकून द्यायची आणि त्याआधीचा स्वर धरून ठेवायचा. मला हे सुचायला महिना लागला. तोवर मी स्पीकरला दोष देत होते.

आता खरी गोम. मिडी, म्हणजे डिजिटल वाद्यांची आपसातली संदेशांची भाषा, १९८३ सालचं, त्यातले साधे कंट्रोल संदेश ० ते १२७. दोन सप्तकं म्हणजे २४०० सेंट (सा ते कोमल रे हे अंतर म्हणजे एक सेमीटोन, १०० सेंट). त्याचे १२८ तुकडे केले तर एक पायरी जवळपास १९ सेंटची होते. मींड घेतली की जिना उतरल्यासारखं वाजतं. म्हणून पिच बेंड (स्वर वर-खाली वाकवणारा मिडी संदेश) वापरा, त्यात १६३८४ पायऱ्या असतात. फक्त सिंथमधली बेंडची रेंज वाढवायला विसरू नका. ती बहुधा दोनच सेमीटोनवर असते. पट्टी वाचणारा भागही तेवढा बारीक हवा. आर्डुइनो उनो १०२४ पायऱ्या वाचतो, टीन्सी ४ वर १२ बिट घेतले तर ४०९६.

पायऱ्या बारीक झाल्या की आकड्यांची थरथर ऐकू येते. मग आपण सरासरी काढतो. दर मिलिसेकंदाला एक वाचन आणि २० वाचनांची सरासरी, म्हणजे हात पुढे आणि आवाज सुमारे १० मिलिसेकंद मागे. वाजवणाऱ्याला हे कळतं. कानाआधी हाताला कळतं. आधी वायरी आखूड करा, सरासरी नंतर.

म्हणून माझी पसंती टीन्सी ४ आणि त्याचं ऑडिओ शील्ड (आवाज बाहेर काढणारा जोड-बोर्ड). त्याची ऑडिओ लायब्ररी १२८ सॅम्पलच्या (आवाजाच्या आकड्यांच्या) तुकड्यांत चालते, म्हणजे एका तुकड्याला २.९ मिलिसेकंद. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातून निघालेलं बेला (हाही असाच बोर्ड) याहून चपळ आहे, पण पहिल्या प्रयोगाला खिशावर जड जाईल. मॉड्युलर सिंथची गंमत वेगळी: डोएफर या जर्मन कंपनीच्या पद्धतीत एका सप्तकाला एक व्होल्ट. पट्टीचा व्होल्टेज बफर करून (पट्टीवर भार येऊ न देणारं सर्किट मधे घालून) थेट ऑसिलेटरला (स्वर काढणाऱ्या भागाला) दिला तर पायऱ्याच नाहीत! मींड लोण्यासारखी. पण हा सिंथ एकदा सुरू झाला की घरातली भिंत खातो.

मॉड्युलरपणा जोडणीत मात्र जरूर आणा. पट्टी वेगळी, दाब मोजणारा सेन्सर वेगळा, प्रत्येकाचा छोटा बोर्ड आणि तीन पिनांचा कनेक्टर, म्हणजे एक भाग उपटून दुसरा लावता येतो. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत हे सुटे भाग मिळतील. पियेझो चकती (थाप मारली की व्होल्टेज देणारी) लावणार असाल तर १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि ३.३ व्होल्टचा झेनर (जादा व्होल्टेज अडवणारा डायोड) आधी बसवा. टीन्सी ४ च्या पिना ३.३ व्होल्टच्या वर सहन करत नाहीत. एक तबलजी मित्र हौसेने चकतीवर थाप मारून गेला आणि माझी एक पिन गेली.

वाद्याचा पेटारा इतक्यात करू नका. पट्टी लाकडी पाटावर चिकटवा, कडेला सा आणि प च्या जागी दोऱ्याचे तुकडे लावा आणि काही दिवस फक्त सा ते प, प ते सा करा. थरथर राहिली तर जोडणीचा फोटो टाका, बघते.