पहिल्या वॉर्ड पोस्टिंगला आधी एक जोडीदारीण गाठ

अगं, पहिल्याच आठवड्यात बाथरूममध्ये जाऊन रडलीस म्हणजे हे काम तुझं नाही, असं मुळीच नाही. मीही रडले होते. इंदूरला नवी, घरी मराठी आणि वॉर्डात सगळी भराभर हिंदी, त्यात सिस्टरांनी पेशंटसमोर झापलेलं!

आत्ता एवढंच कर:

- बॅचमधली एक जोडीदारीण ठरव. ड्युटी सुटली की दहा मिनिटं एकमेकींचं ऐकायचं. उपदेश नाही, 'माझं तर याहून वाईट' नाही. पेशंटचं नाव मात्र वॉर्डाबाहेर काढायचं नाही, मेसमध्ये तर नाहीच.
- उपाशी ड्युटीवर जाऊ नकोस. या पोह्यांच्या गावात तरी नाही!
- सुई टोचली तर लपवू नकोस. नव्या मुली ओरडा बसेल म्हणून हमखास लपवतात, मीही एकदा लपवलं होतं. जखम दाबून रक्त काढायचं नाही. साबण-पाण्याने धू आणि त्याच क्षणी वॉर्डाच्या इन्चार्जना सांग. एचआयव्ही टाळण्याचं औषध लागलंच, तर ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि पहिल्या काही तासांत झालं तर उत्तम.

पहिला पेशंट दगावेल त्या रात्री खोलीत एकटी बसू नकोस. झोप, जेवण बरेच दिवस बिघडलं तर मैत्रीण पुरत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. मोफत आहे, २४ तास.

नाइट ड्युटीचं नंतर सांगते, आत्ता डोक्यात भरू नकोस.