सगळं त्याचंच, मग माझं काय?

"प्रेमापोटी सगळं सोडून आले. इथे घर त्याचं, मित्र त्याचे, भाषाही त्याची. माझं चुकलं का?" फ्रेंच मुलाशी लग्न करून तुलूझला गेलेल्या नाशिकच्या एका इंजिनिअर तरुणीने माझ्याशी ऑनलाइन समुपदेशनाच्या सत्रात विचारलं. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) परदेशात संसार मांडलेल्या बऱ्याच मुली थोड्याफार फरकाने हेच विचारतात.

तिला सर्वांत धसका होता सासरच्या रविवारच्या जेवणाचा. दुपारी बसलेली मंडळी चार वाजले तरी टेबलावरच. जेवणानंतर चीज, मग गोड, मग कॉफी. एकदा फ्रान्समधलं निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्यावरून नणंद आणि सासरे असे भिडले, की हिला वाटलं आता कायमचं बोलणं बंद. पाचच मिनिटांत दोघं हसत एकमेकांना चीज वाढत होते. ही मात्र मोठ्यांसमोर काय बोलायचं म्हणून मूग गिळून गप्प. सासूबाईंनी मुलाला नंतर विचारलं, "तिला आमच्यात करमत नाही का?" ती मान राखत होती आणि त्यांना वाटत होतं, की तिला आपला कंटाळा आलाय. त्या घरात वाद घालणं हा आपलेपणाचाच भाग होता.

मी विचारलं, "गेल्या आठवड्यात नवऱ्याशिवाय कोणाशी बोललात?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "आईशी. व्हिडिओ कॉलवर."

मला खरं दुखणं इथे दिसलं. बँकेत, डॉक्टरकडे, बाजारात नवराच पुढे. हेतू चांगला, पण तिला येणारी दोन वाक्यंही तोच बोलून टाकायचा. त्यालाही एका सत्रात बसवलं. ठरलं असं, की ती कितीही अडखळली तरी तिने मदत मागितल्याशिवाय त्याने तोंड उघडायचं नाही. बेकरीत तिने एकटीने जायचं, आत शिरताच आधी 'बोंजूर' (नमस्कार), मग ऑर्डर. तिथे ही रीत चुकली की समोरचा फटकून वागतो आणि आपण ते मनाला लावून घेतो.

वस्तीतल्या एका संस्थेच्या फ्रेंच वर्गाला ती जाऊ लागली. पदवीच्या समकक्षतेसाठी एनिक-नारिक या परदेशी पदव्या तपासणाऱ्या केंद्राकडे अर्जही तिने स्वतःच भरला. नोकरी अजून नाही आणि त्याचा त्रास तिला होतोच. पण पुढच्या एका रविवारी तिने सासऱ्यांना सांगितलं, की महाराष्ट्रात बहुतेक सरकारी कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात. त्यावर तासभर चर्चा रंगली.

एक मात्र बजावून सांगते. पासपोर्ट काढून घेणं, पैसे हाती न देणं, माहेरी बोलू न देणं हे कुठल्याच संस्कृतीच्या नावाखाली सोसू नका. फ्रान्समध्ये ३९१९ ही स्त्रियांसाठीची मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.