दोन बोटं गेली, आता पेन्शनही जाईल का?

या वेळच्या पत्रांत एकच धास्ती आहे: कामाला लागलो की मिळणारे पैसे बंद होतील. प्रत्येकाला उत्तर मात्र वेगळं द्यावं लागतंय, कारण हे पैसे कशापोटी मिळतात ते प्रत्येकाचं वेगळं आहे.

प्रश्न: भोसरीत पॉवर प्रेसवर उजव्या हाताची दोन बोटं गेली. मेडिकल बोर्ड झाला, ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) पेन्शन लागली. आता चाकणला पॅकिंगचं काम मिळतंय. जुने सोबती म्हणतात, नव्या कंपनीत ईएसआय नंबर सांगू नको, पेन्शन कापतील.

उत्तर: बेलाशक सांगा. ही पेन्शन तुम्ही घरी बसलात म्हणून मिळत नाही, कमावण्याची ताकद कमी झाली म्हणून मिळते. नवी नोकरी लागल्यानं बोटं परत येत नाहीत, तशी पेन्शनही थांबत नाही. बोर्डाचा निर्णय अंतिम असेल तर ती तहहयात आहे.

हिशेबच पाहा. एका हाताची दोन बोटं गेली तर कमावण्याची ताकद २० टक्के गेली, असं कायद्याच्या परिशिष्टात धरलंय. तुमचा सरासरी रोज ६०० रुपये होता असं समजू. त्याचे ९० टक्के ५४०, आणि त्यातले २० टक्के म्हणजे रोजचे १०८ रुपये. महिन्याला साधारण ३,२४०. चाकणचा पगार त्याच्या वर, पूर्ण. उद्या पगार वाढून ईएसआयच्या मर्यादेबाहेर गेलात तरी ही रक्कम चालू राहते. नंबर लपवलात तर मात्र दुसरा नंबर निघेल, नोंदी दोन ठिकाणी विखुरतील आणि ऐन आजारपणात शाखा कार्यालयात खेटे घालावे लागतील.

एक कागद काढून बघा: बोर्डाचा निर्णय तात्पुरता आहे की अंतिम? तात्पुरता असेल तर पुन्हा तपासणी होईल आणि टक्के बदलू शकतील. तेही हाताकडे बघून, तुमच्या पगाराच्या पावतीकडे बघून नाही. आणि हयातीचा दाखला वेळेवर द्या. बहुतेकांची पेन्शन अडकते ती तिथे.

प्रश्न: हात प्लॅस्टरमध्ये आहे, ईएसआयचे पैसे चालू आहेत. मालक म्हणतात, दोन तास येऊन नुसता स्टॉक लिही, रोख देतो.

उत्तर: जाऊ नका. तुमचे पैसे तात्पुरत्या अपंगत्वाचे, म्हणजे काम करता न आलेल्या दिवसांचे आहेत. ज्या दिवशी मजुरी घेतलीत त्या दिवसाचा लाभ मिळत नाही, लपवून घेतलात तर प्रकरण अंगाशी येतं. डॉक्टरांचं फिट सर्टिफिकेट मिळालं की रीतसर हजर व्हा. तोवर, हा लाभ चालू असताना, मालक तुम्हाला कामावरून काढू शकत नाही.

प्रश्न: मला पोलिओमुळे ५५ टक्के दिव्यांगत्व आहे. घरी मी आणि आई. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात. तालुक्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये ७,००० रुपयांची नोकरी चालून आली आहे. अनुदान जाईल का?

उत्तर: जाईल. गोड बोलून उपयोग नाही. ही योजना उत्पन्न नसलेल्यांसाठी आहे आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. तुमचा पगार होतो ८४,०००.

ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिन्याला २,५०० मिळतात, म्हणजे वर्षाचे ३०,०००. ते सोडून ८४,००० घेतलेत तर ५४,००० जास्त, त्यातून एसटीचं भाडं वजा. नोकरी टिकणार असेल तर मी म्हणेन घ्या. पण क्लास मे महिन्यात बंद पडणारा असेल तर तुम्ही पुन्हा तहसीलच्या संगांयो (संजय गांधी योजना) शाखेच्या रांगेत: नवा उत्पन्नाचा दाखला, नवा अर्ज, समितीची बैठक कधी होईल ती होईल. म्हणून आधी चालकांकडून बारा महिन्यांचं लेखी घ्या. पगार वाढेल तसं अनुदान थोडं थोडं कमी व्हावं, ही साधी सोय या योजनेत नाही. ५०,००० च्या रेषेपलीकडे एक पाऊल पडलं की सगळंच संपतं. त्यामुळे लोक चोरून कामं करतात, आणि चोरून काम करणाऱ्याला कुणी नीट पगार देत नाही. माझा राग आहे तो या रेषेवर.

तरी तुम्ही लपवू नका, वसुली निघू शकते. तहसीलला लेखी कळवा, पोच घ्या. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि एसटीची ७५ टक्के सवलत कायम राहील. ती तुमच्या दिव्यांगत्वाची आहे, उत्पन्नाची नाही.

प्रश्न: भाऊ महापालिकेच्या परिवहन सेवेत ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी नजर गेली. साहेब म्हणतात, स्वेच्छानिवृत्ती घे, पेन्शन तरी मिळेल.

उत्तर: सही करू देऊ नका. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० तसं सांगतं. ड्रायव्हिंग जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम, आणि तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा, पद. खासगी कंपनीला हे कलम लागू नाही, महापालिकेला आहे. उद्याच पर्यायी पदासाठी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. उत्तर आलं नाही तर तोच क्रमांक घालून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा.