सासऱ्यांच्या हातांवर पॉयझन आयव्हीची पुरळ उठली आहे, घरच्या घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की सासरे रत्नागिरीहून आलेत, शनिवारी त्यांनी मागच्या कुंपणावर चढलेली पॉयझन आयव्हीची वेल उघड्या हातांनी ओढून काढली आणि सोमवारी सकाळी दोन्ही हातांवर लाल रेघा उठून त्यांवर पाण्याचे फोड आले. सासूबाई हळद आणि खोबरेल तेल लावायचं म्हणतात, नातवाला आजोबांकडे द्यावं की नाही यावरून घरात ताण आहे, आणि व्हिजिटर इन्शुरन्सवर डॉक्टरकडे जायला तुम्ही बिचकताय. मी न्यू जर्सीत राहते, परसात भाज्या लावते आणि ही वेल आमच्याकडेही दरवर्षी डोकं काढते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी नातवाचं. हा संसर्गजन्य रोग नाही. फोडांतलं पाणी बाळाला लागलं तरी त्यातून पुरळ येत नाही, कारण त्या पाण्यात वेलीचं तेल नसतं. अंगावरचं तेल धुतलं गेलं असेल आणि कपडे स्वच्छ असतील, तर आजोबांनी नातवाला खुशाल घ्यावं. घरात एवढी एक गोष्ट सगळ्यांना नीट समजावून सांगा. लांबून आलेल्या माणसाला आपल्याच नातवापासून दूर बसवणं फार वाईट.

त्रास देतं ते वेलीच्या पानांत, देठांत, मुळांत असलेलं उरुशिऑल नावाचं तेल. ही वेल आंबा, काजू आणि आपला बिब्बा यांच्याच कुळातली आहे. बिब्बा उतला की अंगावर काय होतं ते तुमच्या सासूबाईंना माहीत असेल, हा जवळजवळ तोच प्रकार आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर अशीच पुरळ उठायची, कारण धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करायचे. पॉयझन आयव्ही आयुष्यात पहिल्यांदाच लागली तर पुरळ यायला एक ते तीन आठवडेही लागू शकतात. ज्याच्या अंगाला हे तेल आधीपासून खुपतं, त्याला मात्र एक-दोन दिवसांतच येते. बाबा, म्हणजे तुमचे सासरे, काजूच्या आणि आंब्याच्या चिकात वाढलेले आहेत, तेव्हा त्यांच्या शरीराची या कुळाशी जुनी ओळख असण्याची बरीच शक्यता आहे. (त्यांना आंबा खाऊ द्या, पण साल दुसऱ्या कोणीतरी काढा. त्रास सालीतून आणि चिकातून होतो, गरातून नाही.)

आता हळद आणि खोबरेल. बिब्बा उतला की खोबरं लावायचं ही आपली जुनी रीत आहे आणि सासूबाई प्रेमानेच म्हणताहेत. पण उरुशिऑल तेलात विरघळतं. त्वचेवर ते शिल्लक असताना वरून खोबरेल चोळलं तर ते आणखी पसरतं. ओल्या फोडांवर तेलकट थर दिला की ते वाळायलाही वेळ लागतो. पुढे आठवडाभराने खपल्या धरून कातडी कोरडी पडली की खोबरेल जरूर लावा, तेव्हा त्याने खरंच बरं वाटतं. हळद, लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट यांतलं काहीही फुटलेल्या फोडांवर नको. खाजेत आगीची भर पडते.

खरा घरगुती उपाय धुण्याचा आहे आणि त्याची वेळ फार लवकर निघून जाते. तेल लागल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत भांडी घासायच्या साबणाने आणि भरपूर गार पाण्याने चोळून धुतलं, तर बरंचसं निघून जातं. तासाभरात ते कातडीत मुरलेलं असतं. दुकानात यासाठी खास महागडे साबण मिळतात, पण तुलना करून पाहिली तेव्हा साध्या डिश सोपचा निकाल त्यांच्या जवळपासच आला होता. तुमच्याकडे ही वेळ टळली आहे. तरीही बाबांची नखं कापा आणि नखांखाली ब्रश फिरवा, तिथे तेल राहतं.

तुम्ही विचारलंय की रोज नव्या जागी पुरळ का दिसते, ती पसरते आहे का. पातळ कातडीवर किंवा जिथे तेल जास्त लागलं तिथे ती लवकर उठते, जाड कातडीवर उशिरा, म्हणून पसरल्यासारखी वाटते. पण दुसरं कारण जास्त त्रासाचं आहे: तेल घरात कुठेतरी अजून बसलेलं असतं आणि हात पुन्हापुन्हा तिथे लागतो. हे तेल आपोआप उडून जात नाही, वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकतं. तेव्हा शनिवारचे कपडे वेगळे, गरम पाण्यात, भरपूर डिटर्जंट घालून धुवा. बूट, बुटांच्या नाड्या, खुरपं, कात्री, घड्याळाचा पट्टा, चष्म्याच्या काड्या, मोबाइल, मागच्या दाराची मूठ हे सगळं साबणाच्या पाण्याने किंवा रबिंग अल्कोहोलने हातमोजे घालून पुसा. कुत्रा असेल तर त्यालाही आंघोळ घाला. त्याला स्वतःला सहसा काही होत नाही, पण केसांवरून तेल आणून तो तुमच्या मांडीवर बसतो. बाळ रांगत असेल तर ही साफसफाई औषधाच्या आधी करा.

आणि मग खाज. पुरळ दोन-तीन आठवड्यांत आपली आपण जाते, घरचा कोणताही उपाय ती लवकर घालवत नाही. तेवढे दिवस माणसाला सोसता यावेत, रात्री झोप लागावी, खाजवून जखमा होऊ नयेत, एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते थोडं नाही. गार पाण्यात भिजवून पिळलेलं सुती फडकं पंधरा-वीस मिनिटं हातांवर ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. सगळ्यात साधा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय हाच. बाबांचं जुनं मऊ धोतर असेल तर त्याचा तुकडा उत्तम. नंतर हात हवेवर वाळू द्या आणि कॅलामाइन लोशन लावा. फोड फार पाझरत असतील तर बेकिंग सोडा थोड्या पाण्यात कालवून लावता येतो.

रात्री झोपण्याआधी ओट्सचं पाणी करा. साधे, बिनासाखरेचे ओट्स मिक्सरमधून अगदी पिठासारखे बारीक काढा आणि एक वाटीभर टबातल्या कोमट पाण्यात हलवून घ्या. पाणी दुधाळ दिसलं की झालं. फक्त हातच भिजवायचे असतील तर बादलीत मूठभर पुरे. पीठ टबात साचू नये म्हणून मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून पाण्यात पिळली तरी चालते. बाबा टबातून उठताना हात द्या, ओट्सने तळ फार निसरडा होतो. कढत पाण्याखाली हात धरला की खाज थोडा वेळ थांबते असं पुष्कळ जण सांगतात, पण त्याने कातडी आणखी लाल होते आणि नंतर खाज दामदुपटीने परत येते.

कोरफडीचा गर चालेल. इथे जुनी माणसं ज्युएलवीड नावाच्या झाडाचा पाला चोळतात, ते आपल्या तेरड्याच्याच जातीचं आहे. ताजा पाला ठेचून लगेच लावला तर थोडा फरक पडतो, पण साबण त्याहून जास्त काम करतो.

फार्मसीतलं एक टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइडचं मलम सौम्य पुरळीला ठीक, मोठे फोड आल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. अ‍ॅलर्जीच्या औषधाची मलमं आणि कातडी बधिर करणारी मलमं टाळा, त्यांचीच वेगळी अ‍ॅलर्जी होऊ शकते. भारतातून बॅगेत आणलेल्या तीन-तीन औषधांच्या मिश्र ट्यूबाही नकोत. झोप आणणाऱ्या बेनाड्रिलच्या गोळ्या (इथे हे खाजेवरचं औषध आहे) सगळे सुचवतील, पण पासष्टीपुढच्या माणसाला त्यांनी गोंधळल्यासारखं होतं, तोल जातो, प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडकते. फार्मासिस्टला विचारल्याशिवाय देऊ नका. विचारायला पैसे पडत नाहीत.

इन्शुरन्सची काळजी मला समजते. पण चेहरा, डोळे किंवा गुप्तांगाला पुरळ आली, चेहरा सुजला, अंगाचा मोठा भाग व्यापला, फोडांतून पू आला, 100 डिग्री फॅरेनहाइटच्या वर ताप चढला, तर अर्जंट केअरमध्ये, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय जाता येणाऱ्या दवाखान्यात, जाच. श्वासाला त्रास झाला तर थेट 911. डॉक्टर बहुधा प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या गोळ्या देतील. बाबांना मधुमेह असेल तर ते आधी सांगा, या गोळ्यांनी साखर वाढते. कोर्स साधारण दोन-तीन आठवडे हळूहळू कमी करत न्यायचा असतो. पाच-सहा दिवसांत तो संपला तर पुरळ पुन्हा उसळून येते. कमी दिवसांचं पाकीट मिळालं तर तिथेच हे विचारून घ्या.

शेवटी मागच्या अंगणाचं, कारण उपटलेल्या वेलीचा ढीग अजून तिथेच असणार. गावी आपण पालापाचोळा पेटवून देतो आणि बाबांच्या मनातही तेच येईल. त्यांना आजच सांगून ठेवा की ही वेल जाळायची नाही. तेल धुराबरोबर चढतं आणि फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. वाळलेल्या वेलीतही तेल असतं. लांब बाह्या आणि जाड व्हिनाइलचे हातमोजे घाला, साध्या लॅटेक्समधून ते आरपार जातं. ढीग प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. कुंपणापाशी मुळं राहिलीच असतील आणि त्यांतून पुन्हा फूट येईल. एका देठावर तीन पानं, मधल्याचा दांडा लांब, झाडावर चढलेल्या जुन्या वेलीला केसाळ मुळं, अशी ओळख ठेवा. पाच पानांची व्हर्जिनिया क्रीपर वेगळी, तिला बघून घाबरू नका.